डबीतली घरघर

सोलापूर,
रविवार, २२ सप्टेंबर १९७४

ती. दाजींना रामहरीचा साष्टांग नमस्कार.

तुम्ही पाठवलेली तांब्याची तार मिळाली. अक्का पंचमीला माहेरी आली होती तेव्हा मी सहज बोललो होतो की एरियलसाठी जाड उघडी तार कुठे मिळत नाही. तुम्ही ते लक्षात ठेवलंत. इतकी लांब आणि मध्ये एकही जोड नसलेली तार मला इथे जन्मात मिळाली नसती.

आता वाईट बातमी. ती तार पत्र्यावर दोन बांबूंच्या मध्ये ताणताना माझा पाय घसरला आणि मी खाली आलो. डावा पाय गुडघ्याखाली मोडला. दिवाळीपर्यंत प्लास्टर आहे. मिलचा भोंगा झाला की सगळी गल्ली कामाला जाते आणि मी खाटेवर. घडी खात्यातलं माझं टेबल दुसऱ्या कारकुनाकडे दिलंय. अक्काला घाबरवू नका. तार शेवटी शेजारच्या बसलिंगप्पा काकांनी चढवली. त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, आता डोळ्यांमुळे बंद केलंय. माझे या विद्येतले गुरू तेच.

पण दाजी, रेडिओ झाला! साबणाच्या डबीत बसवलाय. खिशात राहतो. एकात तीन कामं करतो. बटण पहिल्या खुणेवर असलं की रेडिओ, दुसऱ्या खुणेवर टॉर्च, तिसऱ्या खुणेवर चाचणी. म्हणजे कुठलीही तार आतून तुटली आहे का हे तपासायचं. धड असली तर कानात शिट्टी वाजते. सगळे भाग जुन्या बाजारातल्या मोडक्या सेटांतून काढले. नकाशा माझा स्वतःचा, कुठल्या पुस्तकातला नाही.

यासोबत तसाच दुसरा सेट अक्कासाठी पाठवतो आहे. वस्तीवर तिला दिवसभर माणूस दिसत नाही, तेवढीच सोबत. मात्र माझा एक स्वार्थ आहे. छंदाचं एक मासिक माझा लेख छापायला तयार आहे, पण संपादकांना हा सेट शहरापासून लांब कसा चालतो ते हवंय. तेव्हा तुम्ही मला अहवाल पाठवायचा. बारीक तार एरियल म्हणून लिंबाच्या झाडावर टाका. हिरवी तार म्हणजे अर्थ, ती जमिनीशी जोडायची असते. तुमच्या विहिरीतून हौदापर्यंत लोखंडी पाइप आला आहे, त्यालाच बांधा. पाण्यात आणि मातीत उतरलेला पाइप, यापेक्षा चांगली अर्थ मिळायची नाही.

अहवालाची वाट पाहतो.

तुमचा,
रामहरी


केम,
मंगळवार, १ ऑक्टोबर १९७४

चि. रामहरी यास हिंदुरावाचे आशीर्वाद.

इंजिनेरसाहेब, पाय मोडून घेतलात ते बरं केलंत. नाहीतर पुढच्या वेळी चंद्रावर एरियल बांधायला निघाला असता. तुझी अक्का दोन दिवस जेवली नाही. मी म्हटलं, पाय मोडलाय, डोकं आधीपासूनच तसं आहे. तेव्हा कुठे हसली.

अहवाल लिहितो. मी पलटणीत चौदा वर्षं स्वयंपाकी होतो. अहवाल म्हणजे काय ते मला माहीत आहे, रोज डाळ किती शिजली ते लिहावं लागे. तर अहवाल असा, की डबी वाजते. पुणे केंद्र स्वच्छ लागतं. तुझी अक्का कानात तुझं ते ऐकायचं बोंडूक घालून भाकरी थापते आणि एकटीच मान डोलावते. लांबून पाहणाऱ्याला वाटेल बाईला वारं आलं. एकच खोड आहे. करंट असला की डबीत घरघर होते, जात्यावर कोणी दळत बसल्यासारखी. करंट गेला की गाणं एकदम साफ. आता आमच्याकडे करंट असतो कमी आणि जातो जास्त, त्यामुळे तक्रार नाही.

तुला पाठवलेल्या तारेचं म्हणशील तर तिची गंमत ऐक. विहिरीवर मोटरीची पत्र्याची खोली आहे, तिथे ती एका खिळ्यावरून खाली येऊन जमिनीत घुसलेली होती. दुसरं टोक मोटरीच्या अंगाला पिळलेलं. काही कामाची दिसेना. करंटच्या तारा वेगळ्या, रबरातल्या. ही आपली उघडी. म्हणून ओढली तर येईना. खणलं. आणि रामहरी, दोन हात खाली काय निघावं? कोळसा आणि मीठ! घमेलंभर. मध्ये एक तांब्याचा पत्रा, त्याला ही तार गुंडाळलेली.

तुझी अक्का तिथेच मटकन बसली. म्हणाली, “ही करनी हाय. कुनीतरी आमच्या पान्यावर करनी केलीया.” मी हसलो, पण खरं सांगतो, अंगावर काटा आला. मोटर बसली तेव्हा मी पलटणीत. शेत सगळं चुलत भाऊ कोंडीबा पाहायचा, आणि मी आल्यापासून त्याचं आमचं बांधावरून वाकडं. मग काय, मीठ-कोळसा ओढ्यात टाकला, खड्डा बुजवला, वर लिंबू उतरवलं. तार मात्र टाकायला जीव होईना. तुझ्या अक्काचं म्हणणं होतं की असली वस्तू भावाच्या घरी नको. मी तिला न सांगता पाठवली. तेव्हा हे पत्र आल्यावर तू तिला काही लिहू नकोस.

पाय सांभाळ. शेंगाची चटणी पाठवतोय.

हिंदुराव


सोलापूर,
रविवार, ६ ऑक्टोबर १९७४

ती. दाजींना सा. नमस्कार.

चटणी पोचली. अहवाल वाचून आनंद झाला आणि करणीचं वाचून वाईट वाटलं. दाजी, तुम्ही जग पाहिलेला माणूस. मीठ-कोळशानं कुणाचं वाईट होत असतं तर तुमच्या चुलीपाशी बसलेली अक्का आधी गेली असती. एखाद्या गवंड्यानं भरावात टाकलं असेल. कोंडीबांशी यावरून भांडू नका. तार इथे फार छान काम देते आहे, तिच्यामुळे मला सिलोनसुद्धा लागतं. करणीची तार असती तर गाणी कशाला ऐकवली असती?

घरघरीचं कारण मला माहीत आहे. मोटर आणि वायरींमुळे हवेत गोंगाट होतो, तो सेटात शिरतो. प्रत्येक चांगल्या सेटाला हा त्रास होतो. वाईट सेटाला तेवढं ऐकूच येत नाही. सोबत पाकिटात एक कंडेन्सर ठेवला आहे, गुळाच्या खड्याएवढा तपकिरी. त्याचे दोन पाय डबीच्या मागच्या दोन स्क्रूंना गुंडाळा. घरघर दबेल. बसलिंगप्पा काका लेकीकडे अक्कलकोटला गेलेत, नाहीतर त्यांना विचारून अजून काही पाठवलं असतं. पण एवढ्यानं काम व्हावं.

लेखाचं पहिलं पान लिहून झालं. त्यात ‘करमाळा तालुक्यातील एका वस्तीवर घेतलेली चाचणी’ असा तुमचा उल्लेख आहे.

रामहरी


केम,
मंगळवार, २९ ऑक्टोबर १९७४

चि. रामहरी यास आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. घरात जरा बिनसलं होतं.

आधी अहवाल. तुझा गुळाचा खडा बांधला. आठ-दहा दिवस घरघर गेली, तुझी अक्का खूश. आता कांद्याला पाणी सुरू केलंय, मोटर रोज चालते, आणि घरघर परत आली. पहिल्यापेक्षा मोठी. दुसरं म्हणजे, डबीच्या मागच्या स्क्रूला बोट लागलं की हाताला मुंग्या येतात. पहिल्यांदा वाटलं लाल मुंगी चावली. करंट नसला की येत नाहीत. तुझी अक्का म्हणते, “डबीत कायतरी बसलंय.” तिनं डबी कोनाड्यात ठेवली आहे आणि हात लावत नाही. मीच ऐकतो.

आता दुसरी गोष्ट. दसऱ्यानंतर म्हैस गेली. हौदावर पाणी प्यायला नेली, तोंड लावलं आणि धाडदिशी पडली. ढोरांचा डॉक्टर आला तोवर संपलेली. म्हणाला, पान लागलं असेल. मी सगळं गवत पालथं घातलं, साप काय, सापाची कातसुद्धा नाही. दुसरी आता हौदाकडे जायला तयार नाही. चार पाय रोवून उभी राहते. ओढ्यावर न्यावी लागते.

तुझ्या अक्कानं डोक्यात घेतलंय की पुरलेलं उकरलं म्हणून हे झालं. परवा ती बांधावर उभी राहून कोंडीबाला नाही नाही ते बोलली. तो ऐकून घेत होता. शेवटी एवढंच म्हणाला, “वैनी, मी पुरलंय त्ये खरं हाय, पर तुमच्या वाईटावर न्हाय.” मी म्हटलं मग कशाला पुरलं, सांग की! पण तोवर तुझ्या अक्कानं त्याच्या मेलेल्या आईला उद्धरलं होतं. तो पटका झटकून निघून गेला. आता आमच्याकडे बघतसुद्धा नाही. मला रात्रंदिवस एकच खटकतंय, त्यानं नाही म्हटलं नाही.

रामहरी, मी थट्टेचा माणूस, पण आज सरळ विचारतो. त्या पाइपात तर काही भानगड नाही ना? डबी पाइपाला बांधली की घरघरते, म्हैस पाइपापाशी पडली. तू शिकलेला आहेस. तू म्हणालास नाही, तर मी नाही मानीन.

दिवाळी पंधरा दिवसांवर आली. भाऊबीजेला प्लास्टरसकट ये, स्टेशनावर बैलगाडी आणतो.

हिंदुराव


सोलापूर,
रविवार, ३ नोव्हेंबर १९७४

ती. दाजींना सा. नमस्कार.

म्हैस गेल्याचं वाचून फार वाईट वाटलं. तिच्या दुधाचा चहा मी प्यायलो आहे.

पण दाजी, म्हैस आणि माझा सेट यांचा संबंध जोडलात हे मात्र मला लागलं. दोन पेन्सिल सेलवर चालणारी डबी ती. तीन व्होल्ट! तीन व्होल्टनं झुरळसुद्धा मरत नाही. सेटात काही बसलेलं नाही आणि पाइपातही काही भानगड नाही. पाइप म्हणजे लोखंड, त्यात पाणी, बस. मुंग्या येतात म्हणता त्या स्क्रूला गंज चढला असेल, तो टोचतो. मी सहा महिने डोळे फोडून हे यंत्र केलं आणि घरच्याच माणसांना ते भुताचं वाटावं! संपादकांना मी काय कळवू?

घरघर वाढली याचा अर्थ एकच, अर्थ नीट लागलेली नाही. हिरवी तार नुसती अडकवली असणार. आता मी सांगतो तसं करा. विहिरीजवळ, जिथे पाइप ओलीतून जातो, तिथला गंज विळ्यानं चकचकीत खरवडा. तार हातानं घट्ट आवळा. हे मोटर चालू असतानाच करा, म्हणजे कुठे बांधल्यावर घरघर कमी होते ते कानात बोंडूक घालून तिथल्या तिथे कळेल. जमीन ओली असेल तर उत्तम. पायात चपला नसल्या तर आणखी बरं, कारण माणसाचं अंगही थोडं अर्थचं काम करतं. मी इथे उघडा पाय फरशीला टेकला की आवाज सुधारतो.

एवढं करून अहवाल पाठवा. लेख या महिन्यात गेला नाही तर पुढच्या वर्षावर जाईल. आणि अक्काला म्हणावं, डबीला भिऊ नकोस, भावानं केलीय.

रामहरी


सोलापूर,
बुधवार, ६ नोव्हेंबर १९७४, दुपारचे साडेबारा

ती. दाजी,

मोटर बंद करा. आधी खांबावरचा फ्यूज काढा आणि मग पुढचं वाचा. पाइपाला हात लावू नका. हौदाला लावू नका. अक्काला धुणं धुवायला जाऊ देऊ नका. टेलिग्राम केला आहे, तो या पत्राच्या आधी मिळेल. मिळायलाच हवा.

बसलिंगप्पा काका आज सकाळी अक्कलकोटहून आले. मी हसत हसत तुमची पत्रं त्यांना वाचून दाखवली. मीठ-कोळशाशी आलो तेव्हा ते उठून उभे राहिले. म्हणाले, “अय्यो तम्मा, थांब. मीठ, कोळसा, पत्रा आणि तार? मोटरीपाशी?” मी हो म्हटलं. म्हणाले, “ती करनी न्हाय रे. ती मोटरीची अर्थिंग! मोटरीत करंट गळला तर त्या तारेनं तो जमिनीत जातो. मीठ-कोळसा ओल धरतो. आता ती तार कुटं हाय?”

मी वर बोट केलं. त्यांनी स्वतःच्या हातानं चढवली होती. त्यांनी टेलिग्रामचा मजकूर माझ्याकडून लिहून घेतला आणि तसेच निघाले.

दाजी, तुमच्या मोटरीत करंट गळतो आहे. त्याला जमिनीत जायची नीट वाट नाही, म्हणून तो पाइपात येऊन बसला आहे. म्हैस सापानं गेली नाही. मुंग्या गंजाच्या नव्हत्या. ती डबी दीड महिना ओरडून सांगत होती आणि मी तिचं तोंड दाबायला कंडेन्सर पाठवला. तुम्ही सरळ विचारलंत आणि मला माझ्या यंत्राचा अपमान दिसला. मी रेडिओ शिकलो, पण घरातला करंट मला कधी कळलाच नाही. अर्थ म्हणजे गाणं साफ येण्यासाठी असते, एवढंच माझं ज्ञान.

रविवारच्या पत्रात मी जे लिहिलं ते खोडून टाका. चपला काढू नका. काही खरवडू नका. हिरवी तार सुक्या काठीनं ओढून काढा, नको, तेही नको, फ्यूज काढेपर्यंत काहीच करू नका. कोंडीबांना बोलवा. त्यांनी ते पुरलं ते तुमच्या भल्यासाठी पुरलं, त्यांचे पाय धरा.

टपाल पोचायला दीड-दोन दिवस लागतात. रविवारचं पत्र सोमवारी पेटीत पडलं. मी सारखा दिवस मोजतो आहे. मला उठता येत नाही. काका तार ऑफिसातून परत आले, म्हणाले, “ग्येला टेलिग्राम, तम्मा.” हे पत्र ते पॅसेंजरच्या गार्डाच्या हातात देणार आहेत.

उलट टपाली फक्त एक ओळ लिहा. अहवाल नको. एक ओळ.

रामहरी


केम,
गुरुवार, २१ नोव्हेंबर १९७४

चि. रामहरीस अक्काचा आशीर्वाद.

मी तिसरी शिकलेली. कागुद लिहायची सवय न्हाय, त्येच लिहायचे. समजून घे. आपलं वडील, तात्या, मयतीला येऊन ग्येले त्येंनी तुला सांगितलंच आसंल. पर मला जे सांगायचं त्ये मी त्येंना सांगितलं न्हाय.

तुजं पत्र बुधवारी सकाळी आलं. ह्येंनी मला वाचून दावलं. हसले. म्हनले, “बग, तुजा भाऊ रुसला. दिवाळीच्या आदी त्याचं गाणं साफ करून टाकू.” विळा घ्येतला, डबी खिशात घातली. चपला दारात काडल्या. मी म्हनले, जाऊ नका. म्हनले, “शिकलेल्या मानसानं लिवलंय की.” त्या चपला आजून तितंच हायत.

मी दळत हुते. मोटर चालू हुती. हाक बी आली न्हाय. कोंडीबा भावजी त्येंच्या रानातनं पळत आले, आदी फ्यूज काडला, मग बांबूनं हात सोडिवला. तवर सपलं हुतं. तुजा टेलिग्राम चार वाजता आला. आमच्या घरात वाचनारं मानूस वट्यावर निजवल्यालं. पोस्टमननी समद्यांच्या म्होरं वाचला, ‘मोटर बंद करा.’

पोलीस पाटलांनी इचारलं, पाइपापाशी काय करत हुते? मी म्हनले, गवत काडत हुते. तुजं त्ये पत्र मी चुलीत घातलं. दुसरं आलं, त्ये एकेक अक्षर लावून वाचलं. त्ये ठिवलंय. रामहरी, मला तुजा राग येतो. लई येतो. मग वाटतं, लिंबू मीच उतरवलं, भावजींना शिव्या मीच घातल्या. मग राग जातो. सकाळी चपला दिसल्या की परत येतो.

आता ऐक. गावात समदी म्हनत्यात कोंडीबानं करनी केली. मीच बांदावर वरडून सांगितलं हुतं, म्हनून लोकास्नी खरं वाटतं. भावजींच्या घरी कुनी पानी पीत न्हाय. त्येंच्या सुनंला म्हायेरी न्हेली. त्ये कुनाला कायबी सांगत न्हाईत. मला म्हनले, “वैनी, त्या दिवशी मी रागानं ग्येलो न्हसतो, नीट सांगितलं आसतं, तर आज हिंदुराव आसता.” मोठ्यानं रडले.

तुजं नाव मी कुनाला सांगनार न्हाय. पर त्येंचं नाव बी मी आसं राहू देनार न्हाय. तवा तूच सांगायचं. पाय बरा झाला की ये. चावडीवर समद्यांच्या म्होरं हुबा राहा आनि सांग, मीठ-कोळसा कशाला आसतो, आनि तार कुटं ग्येली हुती. मी तुज्या शेजारी हुबी राहीन.

वरनं ती तार उतरव. पायाला जपून उतरव. संगं घिऊन ये. आमच्या मोटरीजवळ भावजींनी दोन हात खड्डा खणून ठिवलाय. मीठ आनलंय, कोळसा आनलाय, पत्रा घासून ठिवलाय. तार तेवडी ऱ्हायलीया.

तुजी,
मुक्ताअक्का